गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी : जुन्या गाडीचा क्लच, गिअर आणि शाफ्ट घरी दुरुस्त करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

माझी १९९८ची मारुती ८०० आहे, एमएच-०४ पासिंगची, चार गिअरची. राहायला कळव्यात, नोकरी रबाळ्याच्या एमआयडीसीत. विटावा, दिघा, ऐरोली हा रस्ता या गाडीने इतका घासलाय की तिला एकटीला सोडलं तरी पोचेल. मी मेकॅनिक नाही. पण दर रविवारी पार्किंगमध्ये गाडीखाली माझे पाय दिसतात, म्हणून येणारा-जाणारा थांबतो आणि काहीतरी विचारतो. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केलेत.

मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला. घरी होईल का?

गेला हे त्याने कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. गिअर अडकतोय, खरखरतोय, निसटतोय, गाडी धक्का मारतेय, या सगळ्या तक्रारींचं मूळ गिअरबॉक्सच्या बाहेरही असू शकतं. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स तीन वेळा ‘गेला’. एकदा क्लच केबल होती, एकदा बुश (गिअरच्या सळईच्या सांध्यातली छोटी कडी), एकदा इंजिनाचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं तो रबरी आधार). एका गॅरेजने तर उघडून बघायचे म्हणून पैसे सांगितले आणि बुशचं नावही काढलं नाही. गिअरबॉक्स उतरवणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याआधीचं जवळजवळ सगळं घरी होतं.

मग आधी काय बघायचं?

क्लचचं पेडल हाताने दाबा, पायाने नको. सुरुवातीला ते हलकं जातं, मग जड लागतं. तो हलका भाग म्हणजे फ्री प्ले. केबल क्लचच्या जुन्या गाडीत तो साधारण १५ ते २५ मि.मी. असावा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. केबल ताणून लांबली की प्ले वाढतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना खर्र होतं. प्लेट झिजत गेली की उलट होतं, प्ले कमी कमी होत संपतो आणि क्लच घसरायला लागतो. ॲडजस्टिंग नट केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला असतो. पाच मिनिटांचं काम आहे. केबलच्या तारा सुटायला लागल्या असतील तर मात्र ॲडजस्ट करत बसू नका, ती विटाव्याच्या पुलाखाली ऐन गर्दीत तुटेल. माझी तिथेच तुटली.

खात्री करायची तर इंजिन स्लोवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिन्क्रो (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी पितळी रिंग) नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. थांबूनही खरखरला तर क्लच सुटत नाहीये, गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

मग लिंकेज. गाडी बंद करून गिअरची दांडी न्यूट्रलमध्ये हलवून बघा. वरणातल्या डावासारखी सैल फिरत असेल तर खाली वाका. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक सळई जाते, तिच्या टोकांना बुश असतात. माझा बुश काढला तेव्हा गोल भोकाचं लांबट भोक झालं होतं, एका बाजूची कड कागदाइतकी पातळ. दांडी तिसऱ्यात गेलीय असं हाताला वाटायचं, प्रत्यक्षात गिअर अर्धाच बसायचा आणि ॲक्सिलरेटर सोडला की निसटायचा. नवीन बुश शंभर रुपयांच्या आत आला. बसवायला वीस मिनिटं लागली, जुना काढायला दोन तास, कारण खाडीच्या हवेने बोल्ट गंजून एकजीव झाला होता. बोल्टवर गंज सोडवायचा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा.

तिसरं माउंटिंग. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा आणि कुणाला तरी गाडीत बसवून पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये क्लच जरासा सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या समोर किंवा मागे कधीच नाही. इंजिन थोडं डुलणारच. पण एकदम उचललं जात असेल आणि ठोका ऐकू येत असेल तर रबर फाटलंय. फाटलेल्या रबराने इंजिन हलतं, सळईला ओढ बसते आणि गिअर उडतो.

चौथं तेल, त्याबद्दल पुढे सविस्तर.

आवाजावरून कळतं का?

बरंच. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर बंद होते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून आत येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचवर टेकतं ते. एकाच गिअरमध्ये कुई-कुई येत असेल तर त्या गिअरचे दात. सगळ्या गिअरमध्ये येते आणि ॲक्सिलरेटर दिला-सोडला की सूर बदलतो, तर डिफरन्शियलकडे (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) बघा. गिअर कोणताही असो, वेगाबरोबर वाढणारी आणि स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे केलं की कमी-जास्त होणारी घूं-घूं ही बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगची असते. वळताना टक-टक-टक म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा शाफ्टचा सांधा). सरळ रस्त्यावर पिकअप घेताना स्टिअरिंग किंवा फरशी थरथरत असेल तर आतला जॉइंट, पण आधी चाकांचं बॅलन्सिंग बघून घ्या.

आवाज ऐकायला जुन्या लोकांची युक्ती अजून चालते. लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. पट्टा आणि फॅनपासून शर्टाची बाही जपा.

सोसायटीत काम करू देतात का?

तुमचा सेक्रेटरी कसा आहे त्यावर. आमचे जोशीकाका पहिल्या वर्षी नोटीस लावायचे. आता स्वतःच्या सॅन्ट्रोचा आवाज ऐकायला मला बोलावतात. गाडीखाली जुना फ्लेक्स अंथरा, दुपारी दोन ते चार हातोडी वाजवू नका, आणि संध्याकाळी जागा होती तशी करून द्या.

हत्यारं कोणती लागतील?

रिंग पाने आणि फिक्स पाने ८ पासून २४ पर्यंत, गोटी पान्याचा सेट, एक लांब दांडा, टॉमी (उचकटायची लोखंडी सळई), सर्क्लिप (शाफ्ट जागेवर धरणारी स्प्रिंगची रिंग) काढायचा प्लायर, प्लास्टिकची किंवा कातडी हातोडी, तेल भरायला नळीची पिचकारी आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा). लोक टॉर्क पाना घेत नाहीत आणि तिथेच फसतात. हब नटला (चाकाच्या मधोमध शाफ्टवर असतो तो मोठा नट) १५० न्यूटन मीटरच्या वर ताण लागतो आणि गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम त्याच हाताने आवळलं तर आटे निघतात. एकच पाना विकत घ्यायची ऐपत असेल तर तो घ्या, बाकीचे शेजारी देतात.

जॅकवर गाडी उचलून खाली गेलं तर चालेल?

नाही. डिकीतला जॅक चाक बदलायला असतो. तो गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. लोखंडी स्टँडची जोडी हवी. आपल्याकडे बऱ्याच पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतात, स्टँडचे पाय त्यात खचतात. जाड प्लायवूडचा तुकडा खाली द्या. विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नकोत, ते तडा न दाखवता एकदम भुगा होतात.

आता एक गोष्ट, जी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरवाल्यांनी दोनदा वाचावी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा मागचा भाग उचलला की हँडब्रेक निकामी, कारण तो मागच्याच चाकांना रोखतो. गाडी गिअरमध्ये ठेवली म्हणून निर्धास्त राहू नका. मागचं एकच चाक उचललं असेल तर डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाकही सरकू शकतं. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. स्टँडवर गाडी टेकली की खाली जायच्या आधी तिला खांद्याने जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

गिअर ऑइल कोणतं आणि कधी बदलायचं?

जुन्या मारुतीला ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०, पण डब्यावर जीएल-४ लिहिलेलं. काउंटरवरचा पोरगा ‘जीएल-५ घ्या, त्याहून भारी’ म्हणेल. जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या घासणाऱ्या दातांसाठी असतात. सिन्क्रोच्या पितळी रिंगांना ती सोसत नाहीत, शिवाय रिंगेला पकडायला थोडं घर्षण लागतं तेही कमी होतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल वेगळे असतात, तिथे दोन्हीकडचं तेल वेगळं असू शकतं.

तेल गरम असताना काढा, म्हणजे चार-पाच किलोमीटर फिरवून आणून. आणि ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतोय ना, हे बघा. हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण मी उलट केलं होतं. रविवारची सकाळ, सगळं तेल ट्रेमध्ये आणि भरायचा बोल्ट काही केल्या हलेना. जोर लावला तसा पाना फिरला आणि बोल्टच्या कडाच गोल झाल्या. सोमवारी ऑफिस. शेवटी स्पीडोमीटर केबलचा गिअर वरून काढला, त्या भोकातून पिचकारीने पुस्तकातल्या मापाएवढं तेल मोजून भरलं. पुढच्या रविवारी वेल्डिंगवाल्याने त्या बोल्टवर नट चिकटवून तो काढून दिला. बायकोने आठवडाभर माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. जुन्या गिअर ऑइलचा वास हा सडका लसूण आणि फटाका यांच्या मधला काहीतरी असतो.

पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. गाडी सपाट असावी, पुढून उचललेली नको. जास्तीचं वाहून जाऊ द्या, मग बोल्ट लावा.

काढलेलं तेल फेकायच्या आधी त्यात चुंबक फिरवा. राखाडी मऊ चिखल चिकटला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. पिवळसर चमक दिसली तर ती पितळ आहे, चुंबकाला चिकटणार नाही, उन्हात ट्रे धरला की कळते. सिन्क्रोच्या रिंगा झिजतायत. टोकदार कपचे निघाले तर गाडी तिथेच उभी करा.

वळताना टक-टक येते. सीव्ही जॉइंट घरी होतो का?

होतो, आणि घरच्या कामांत मला हेच सगळ्यात आवडतं. आवाज यायच्या कितीतरी आधी हा आजार दिसतो. पुढच्या चाकाच्या रिंगच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटलाय. तेव्हाच बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचतो. टक-टक सुरू झाल्यावर ग्रीस भरणं म्हणजे दात पडल्यावर मंजन लावणं.

हब नटची कॉटर पिन काढा आणि नट चाक जमिनीवर असतानाच सैल करा, ब्रेक कुणीतरी दाबून धरलेला हवा. मग गाडी उचलून स्टँडवर, चाक काढा, गिअरबॉक्सचं तेल काढा. हे विसरलात तर शाफ्ट निघताना सगळं तेल तुमच्या बाहीत. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून हब बाहेर ओढला की शाफ्टचं बाहेरचं टोक सुटतं. आतलं टोक टॉमीने एका झटक्यात निघतं, पण टॉमी तेलसीलच्या ओठाला लागू देऊ नका. शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. काही गाड्यांत दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर डिफरन्शियलच्या आतले गिअर जागचे हलतात, म्हणून एका वेळी एकच बाजू.

जॉइंट डिझेलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. आतल्या खाचांवरून नखं फिरवा. गोळ्या जिथे धावतात तिथे नख अडकलं तर जॉइंट नवा घ्यावा लागणार. ग्रीस मॉलिब्डेनमवालं काळं, बुटाच्या किटमध्येच येतं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस भरू नका. क्लॅम्प आवळायच्या आधी बूट थोडा उचलून आतली हवा जाऊ द्या, नाहीतर तो फुग्यासारखा राहतो आणि पुन्हा फाटतो. सर्क्लिप आणि कॉटर पिन नव्या घाला. शाफ्ट आत बसला की ‘टक’ असं हाताला जाणवतं. जाणवलं नाही तर बसला नाही. शेवटी तेल पुन्हा भरा. हसू नका, मी एकांना गाडी तशीच चालू करताना थांबवलंय.

क्लच प्लेट?

दोन माणसं आणि दोन दिवस असतील तर. आधी खरंच गेलीय का बघा. मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडतेय. इंजिन आरामात चालू राहिलं तर गेली. ही चाचणी एकदाच करा, दहा वेळा केली तर चांगली प्लेटही जाळाल.

मारुतीत गिअरबॉक्स उतरवताना एक माउंटिंगही सुटतं, त्यामुळे इंजिनाला वरून साखळीने आधार द्यावा लागतो. गिअरबॉक्स ही एकट्याने छातीवर घ्यायची वस्तू नव्हे, ट्रॉली जॅक खाली असू द्या. जुन्या प्लेटांच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवा मारून ती उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. प्लेट मध्यावर बसवायला डमी शाफ्ट लागतो. मी आमच्या रबाळ्याच्या लेथवाल्याकडून सागाचा वळवून घेतला, चहावर काम झालं. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे (इंजिनाच्या टोकाची जड चकती) होती, त्याचा फोटो काढताना काढून ठेवा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. एवढं उघडलंच आहे तर रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं तेलसीलही नवं टाका.

प्लेट किती किलोमीटर टिकते हा प्रश्न मला विचारू नका, घोडबंदर रोडला विचारा. गायमुखच्या चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे लोक नवी प्लेट वर्षात संपवतात.

माझ्याकडे पद्मिनी आहे. यातलं काय लागू?

तिचं सगळंच वेगळं, आणि खरं तर सोपं, कारण हात जायला जागा आहे. बाबांची पद्मिनी होती, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी. कधीतरी दोन गिअरच्या मध्ये अडकायची. बाबा शांतपणे उतरायचे, बॉनेट उघडून लिंकेजचे लिव्हर हाताने जागेवर आणायचे आणि पुन्हा बसायचे, मागे हॉर्न वाजत असले तरी. तोही बुश झिजल्याचाच खेळ.

पुढे-मागे करताना खालून ठण्ण आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे सांधे, बघा. शाफ्ट हाताने पिळून बघायचा, क्रॉसमध्ये जराही खेळ नको. काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा आणि बसवताना ती जुळवा. नाही जुळवली तर बॅलन्स बिघडतो आणि पन्नासच्या पुढे गाडी थरथरते. ग्रीसचं निपल असेल तर नियमित ग्रीस मारा. क्राऊन-पिनियनला (डिफरन्शियलमधली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी) मात्र घरी हात लावू नका. त्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जुळवावं लागतं.

पद्मिनी कुर्ल्याला बनायची आणि तिच्या पार्टसाठी अजूनही कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडेच पावलं वळतात. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या शेवटी निवृत्त झाली. मिळेल तेव्हा क्रॉस आणि सील दोन जास्त घेऊन ठेवा.

गिअरबॉक्स स्वतः उघडू का?

उतरवा, धुवा आणि वागळे इस्टेटला किंवा तुमच्या ओळखीच्या गिअरबॉक्सवाल्याकडे घेऊन जा. बेअरिंग काढायला प्रेस लागतो, शिम (अंतर भरायच्या पातळ चकत्या) मोजायला मायक्रोमीटर. हातोडीने ठोकून बसवलेलं बेअरिंग महिन्यात घरघरतं. सुटा गिअरबॉक्स नेला की मजुरी निम्मी होते आणि समोर बसून आत काय निघालं ते बघता येतं. बदललेले पार्ट परत मागून घ्या, लाजू नका.

गाडी पाण्यात गेली होती. गिअरबॉक्सचं काय?

लोक इंजिनाचं बघतात आणि हे विसरतात. गरम गिअरबॉक्स एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायची छोटी नळी), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. २६ जुलै २००५ला बाबांची पद्मिनी रात्रभर पाण्यात होती. इंजिन सुकवून चालू झालं म्हणून सगळे खूश. दिवाळीत डिफरन्शियल ओरडायला लागलं. उघडलं तर आत दूध घातलेली कॉफी.

गाडी एक रात्र उभी राहू द्या, मग ड्रेन बोल्ट जरासाच सैल करा. पाणी जड असतं, तेच आधी टपकतं. पाणी दिसलं किंवा तेल दुधाळ असेल तर सगळं बदला, आठवडाभर चालवून पुन्हा एकदा बदला. वंदना टॉकीजच्या परिसरात किंवा बेलापुरात भरतीच्या वेळी चाकाच्या मध्याच्या वर पाणी आलं असेल तर तपासाच.

गाडी वर्षभर उभी होती. क्लच दाबला तरी गिअर पडत नाही.

प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असणार. मोकळी, सपाट, माणसं नसलेली जागा हवी. इंजिन गरम करून बंद करा, पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. गाडी चालायला लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दोन-चार वेळा द्या-सोडा. बहुतेक वेळा एका ठोक्यात सुटते. गाडी मात्र त्या क्षणापर्यंत थांबणार नाही, तेव्हा ब्रेक आधी तपासा. पार्किंगमध्ये हे करू नका.

ऑटोमॅटिक असेल तर?

गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं तेल, त्यातलीच पद्धत, आणि तिथेच थांबा.

काढलेल्या तेलाचं काय करायचं?

गटारात नको, झाडाच्या बुंध्याशी तर नकोच. वापरलेलं तेल हा कायद्याने घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून मोठ्या गॅरेजला द्या, ते जमा करून पुढे देतात.

एवढं करून पासिंगला अडेल का?

खासगी गाडीची १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, नंतर दर पाच वर्षांनी. त्या वेळी पर्यावरण कर आणि पीयूसी लागतं, गाडी तपासतात. क्लच-गिअर दुरुस्त केल्याने काही अडत नाही. इंजिनच बदललंत तर मात्र आरटीओत नोंद हवी.

काम झाल्यावर ट्रायल कुठे घ्यायची?

सोसायटीच्या आतच आधी पुढे-मागे दहा वेळा. मग गाडी जागेवर लावून फ्लेक्सवर थेंब पडतायत का बघा. नंतर पहाटे बाहेर काढा. मी ठाणे-बेलापूर रोडने ऐरोलीपर्यंत जातो, सगळे गिअर वर-खाली करत, खिडक्या उघड्या, गाणी बंद. चढावर ओढ बघायला मुंब्रा बायपास. परत आलो की घरी जायच्या आधी हब नट आणि ड्रेन बोल्टला पुन्हा पाना लावतो. मागच्या वेळी ड्रेन बोल्ट पाव फेरा फिरला.